दोन सफरींच्या मधली सकाळ

क्रूझ जहाजावरच्या बुकिंग काउंटरपलीकडच्या मुलीनं ताईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवून नम्रपणे सांगितलं, की कंपनीच्या सिस्टिममध्ये या दोन वेगळ्या सफरी आहेत. दोन बुकिंग नंबर, दोन भाडी, दोन बिलं. ताईचा प्रश्न साधा होता. पुढच्या वर्षीही आम्हाला असंच लागोपाठ दोन सफरींवर जायचं आहे. जहाज तेच, केबिन तीच, माणसंही तीच, तर काही सूट मिळते का? मुलीचं उत्तर चुकीचं नव्हतं, उद्धट तर मुळीच नव्हतं. ताई "बरं" म्हणाली, हातातला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि आम्ही वर डेकवर आलो. ताई पाच मिनिटांत ते विसरून गेली. मला मात्र ते लागून राहिलं. रात्री केबिनमधला दिवा मालवल्यावरही मी त्याच प्रश्नाभोवती फिरत होते.

कारण आमच्यासाठी ती एकच सफर होती. घरून निघताना बॅगा एकदाच भरल्या होत्या, विमानाचं तिकीट एकदाच काढलं होतं, ताईची औषधं सगळ्या दिवसांची एकाच डब्यात होती. पहिल्या आठवड्यात पूर्व कॅरिबियन, म्हणजे सेंट थॉमस, सेंट मार्टिन. दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेकडे कोझुमेल आणि रोआतान. मधे पुन्हा मायामी. मायामीहून निघणारं जहाज गव्हर्नमेंट कट नावाच्या अरुंद वाटेनं समुद्राला लागतं. एका बाजूच्या पुलावरून गाड्या जहाजाच्या बरोबरीनं धावत असतात आणि टोकाच्या बागेत माणसं हात हलवत उभी असतात. पहिल्या आठवड्यात मी नुसती त्या माणसांकडे पाहत होते. दुसऱ्या आठवड्यात तीच वाट, तेच हलणारे हात, पण माझी नजर खाली गेली. वाट दाखवणाऱ्या पायलटला परत न्यायला एक छोटी बोट जहाजाला चिकटून धावत होती. जहाज थांबलं नाही. बाजूच्या दारातून दोरीची शिडी सोडली, एक माणूस चार-सहा पायऱ्या उतरला, बोट लाटेवर वर आली त्या क्षणी त्यानं पाय टाकला आणि झालं. इतकं मोठं जहाज खोल पाण्यात आणून सोडणारा माणूस असा शिडीवरून उतरून घरी जातो, हे मला दुसऱ्या फेरीशिवाय दिसलं नसतं. सलग दोन सफरी करण्यातला खरा नफा मला वाटतं हाच आहे. पहिल्या आठवड्यात आपण जहाज शिकतो, दुसऱ्या आठवड्यात ते पाहतो.

तरी सवलतीचा प्रश्न राहतोच, आणि तो विचारण्यात कमीपणा काही नाही. जहाजवाले त्या दोन सफरी वेगळ्या का धरतात, हे समजून घेतलं की राग बराच निवळतो. प्रत्येक तारखेच्या केबिन त्या तारखेच्या मागणीप्रमाणे विकल्या जातात. शाळांच्या सुट्ट्यांचा आठवडा महाग, त्याला लागून आलेला आठवडा कधीकधी निम्म्या मागणीचा. जहाज सुटलं की रिकामी राहिलेली केबिन कायमची बुडाली, ती नंतर विकता येत नाही. म्हणून भाव खाली येतो तो रिकाम्या केबिनींसाठी. ज्यानं आधीच दोन्ही तारखा घेतल्या, त्याच्यासाठी तो खाली आणायचं कंपनीला काही कारण नसतं. त्यामुळे दोन सफरी घेतल्या म्हणून आपोआप वजा होणारी रक्कम बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे नसते. पण काही कंपन्या लागोपाठच्या सफरी स्वतःच जोडून एक लांब सफर म्हणून विकतात. हॉलंड अमेरिका लाइन अशा जोडसफरींना 'कलेक्टर्स व्हॉयेजेस' म्हणते, आणि तिथे जोडभाडं सुट्या भाड्यांच्या बेरजेपेक्षा सहसा कमी ठेवलेलं असतं. म्हणजे सूट असते, पण ती कंपनीनं स्वतः जोडलेल्या सफरींना. आपण जोडल्या तर आपलं आपण बघायचं.

ताईनं बघितलं. तिची पद्धत अशी, की आधी दोन्ही सफरींचे सुटे भाव घ्यायचे, मग जोडून विकली जाते का ते विचारायचं आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. दर वेळी जोडलेलंच स्वस्त निघतं असं नाही. कधी सुट्या दोन्हींवर वेगळ्या सवलती चालू असतात आणि बेरीज खाली येते. नंतर एजंट. एजंटला कंपनीकडून कमिशन मिळतं, आणि काही जण त्यातला वाटा प्रवाशाला जहाजावर खर्चायच्या रकमेच्या रूपानं देतात. जहाजावरच्या काउंटरवर पुढची सफर बुक केली तर बऱ्याचदा डिपॉझिट कमी लागतं आणि वर थोडं क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायची रक्कम, मिळतं. इथे सफरी 'वेगळ्या' धरल्याचा आपल्याला फायदा होतो, कारण क्रेडिट बुकिंगमागे असेल तर दोन बुकिंगांवर दोनदा मिळू शकतं. फक्त ते पहिल्या सफरीतलं दुसऱ्या सफरीत सहसा नेता येत नाही. रोख परत न मिळणारं क्रेडिट त्या सफरीच्या शेवटच्या रात्रीच संपतं, म्हणून त्या रात्री दुकानांत गर्दी होते. इंटरनेटचं, पेयांचं पॅकेज तेही तसंच, दोन सफरींच्या मधल्या सकाळी बंद पडतं आणि दुसऱ्या सफरीचं निराळं घ्यावं लागतं. बंदरांचे कर दोन्हींचे, टिप रोजची. वाचतं ते दुसरं विमानतिकीट आणि सफरीच्या आदल्या रात्रीचं हॉटेल. ताईच्या हिशोबात सगळ्यात मोठा आकडा हाच निघाला. कंपनीनं एक पैसा सोडला नाही तरी तो आमचाच होता.

आणि सगळ्यात महत्त्वाची ती शेवटचे पैसे भरायची तारीख. सफरीच्या साधारण तीन महिने आधी ती येते. तोवर भाव उतरला तर बऱ्याच ठिकाणी आपणहून विचारल्यावर नवा भाव लावून देतात. विचारल्याशिवाय कुणी कळवत नाही. दोन बुकिंग म्हणजे अशा दोन तारखा, आणि दुसरी पहिलीच्या गडबडीत हमखास विसरते.

कंपनीला दोन दिसणारी ही सफर कायद्याला मात्र एकच दिसते.

हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर गंमत वाटली नाही, काळजी वाटली. अमेरिकेत 1886 सालचा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट आहे. त्याचा गाभा असा, की परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजानं प्रवाशांना एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्या अमेरिकन बंदरात नेऊन सोडायचं नाही. न्यायचंच असेल तर मधे दूरच्या परदेशातलं एखादं बंदर लागलं पाहिजे. कॅनडा आणि मेक्सिको यात 'दूर' धरले जात नाहीत, कॅरिबियनमधली बहुतेक बेटंही नाहीत. क्रूझची जवळपास सगळी मोठी जहाजं बहामास, पनामा, माल्टा अशा देशांच्या झेंड्याखाली असतात. आता समजा, एखाद्यानं सिॲटलहून व्हँकुव्हरपर्यंतची छोटी सफर घेतली आणि त्याच जहाजावर व्हँकुव्हरहून अलास्कातल्या सीवर्डपर्यंतची पुढची. सुटी सुटी पाहिली तर दोन्ही बिनधोक. जोडल्यावर तो माणूस सिॲटलला चढतो, सीवर्डला उतरतो आणि मधे लागतो फक्त कॅनडा. बुकिंग नंबर दोन असले तरी कायदा ते धरत नाही, जहाज तेच म्हणजे प्रवास एक. अशी जोडी बुकिंग करताना कधीकधी कुणाच्या लक्षातच येत नाही आणि मग निघायच्या आधी कंपनीचा निरोप येतो, की दोनपैकी एक सोडा. मायामीहून निघून मायामीलाच परतणाऱ्या आमच्यासारख्यांना ही अडचण नव्हती. पण ज्या काउंटरवर आम्हाला 'दोन वेगळ्या सफरी' असं सांगितलं गेलं, तिथेच दुसऱ्या कुणाला 'ही एकच सफर धरली जाईल' असंही सांगत असतील, हे मनातून जाईना. दोन्ही वेळा नियम बरोबर, आणि दोन्ही वेळा काचेच्या अलीकडे उभा राहणारा प्रवासीच.

व्हिसाचंही तसंच आहे. मधल्या सकाळी आपण पुन्हा एकदा देशात प्रवेश करतो. ज्यांना व्हिसा लागतो त्यांचा तो अनेकदा प्रवेशाचा नसेल, तर सफर धक्क्यावरच अडू शकते. सवलतीच्या आधी हे तपासलं पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मधली सकाळ आदल्या रात्रीच सुरू होते. जेवून परत येताना कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंनी दारांबाहेर बॅगा उभ्या असतात, प्रत्येकीच्या हँडलला रंगीत पट्टी, उतरायच्या क्रमाप्रमाणे. आमच्या दारापुढची जागा तेवढी मोकळी. पलीकडच्या केबिनमधल्या जोडप्याशी आठवडाभर लिफ्टमध्ये बोलणं झालं होतं. त्यांनी आमच्या रिकाम्या दाराकडे पाहून विचारलं, "तुमच्या बॅगा?" आम्ही राहतोय म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हेवा म्हणणं बरोबर नाही, पण त्यात थोडा हेवा होता. मला एकदम अवघडल्यासारखं झालं. आठवडाभर आम्ही सगळे एकाच पंक्तीतले होतो, आणि आता एकाएकी राहणारे आणि जाणारे असे दोन गट पडले होते.

सकाळी आम्हाला एका लाउंजमध्ये बसायला सांगितलं होतं. तिथे जमले होते पंचवीस-तीस जण. दुसऱ्या सफरीचं नवं कार्ड हातात, पासपोर्ट हातात. अमेरिकन बंदरात सगळ्यांना एकदा खाली उतरावं लागतं. जहाजावरच्या प्रवाशांची मोजणी शून्यावर आली की मगच नवे प्रवासी घेता येतात, आणि एखादा कुणी केबिनमध्ये झोपून राहिला तर त्याच्या नावाचा पुकारा होत राहतो आणि खाली हजारो माणसं खोळंबतात. युरोपातल्या बंदरांत बऱ्याचदा उतरावंही लागत नाही. त्या लाउंजमध्ये माझ्या शेजारी एक वयस्कर बाई होत्या, एकट्या. त्या वर्षातले बरेच महिने अशाच जहाजावर काढतात. केबिनचं भाडं दोन माणसांच्या हिशोबानं ठरतं, त्यामुळे एकट्या माणसाला बहुतेक वेळा जवळजवळ दुप्पट पडतं. त्या ते प्रत्येक सफरीला भरत होत्या. ताईनं त्यांनाही विचारलंच, की इतक्या सफरी करता तर तुम्हाला काही सूट? त्या म्हणाल्या, भाड्यात फारशी नाही, पण रात्री मोजल्या जातात. कंपनीच्या सभासद-योजनेत दर रात्रीचे गुण जमतात, काही कंपन्या एकट्या प्रवाशाला ते दुप्पट देतात, आणि त्या गुणांवर कपडे धुवायला मिळतात, इंटरनेट मिळतं, पुढच्या बुकिंगवर थोडी सवलत मिळते. त्यांनी हे इतक्या सहजपणे सांगितलं, की मला त्यांच्या एकटेपणाबद्दल काही वाटून घ्यायचा हक्क नाही असं वाटलं. मग त्यांनी ताईला विचारलं, केबिन तीच मिळाली का? मिळाली म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांना या वेळी बदलावी लागली होती. हँगरवरचे कपडे तसेच्या तसे दुसऱ्या केबिनमध्ये पोचवतात, बाकीचं आपण भरून ठेवायचं.

खाली उतरलो, पासपोर्ट दाखवले, लांबलचक हॉलमध्ये रांगेनं बसलो आणि काही वेळानं सगळ्यांच्या आधी पुन्हा वर गेलो. त्यानंतरचा तास मी कधी विसरणार नाही. सगळे पाहुणे गेल्यावर घर जसं एकदम मोठं वाटतं, तसं ते जहाज वाटलं. स्विमिंग पूलवर जाळी ओढलेली. खुर्च्या एकावर एक. आठवडाभर सकाळपासून वाजणारं संगीत बंद, आणि त्यामुळे पहिल्यांदाच कानावर पडलेली हवेच्या झोतांची एकसारखी घरघर. लिफ्टच्या जमिनीवर वाराचं नाव विणलेली चटई असते, ती एक माणूस गुडघ्यावर बसून बदलत होता. रेलिंगवरून खाली पाहिलं तर धक्क्यावर फोर्कलिफ्ट ओळीनं येत होते, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले खोक्यांचे ढीग जहाजाच्या पोटात जात होते, आणि दुसऱ्या अंगाला इंधनाचा बार्ज लागला होता. आमच्या मजल्यावर मात्र शांतता नव्हती. प्रत्येक दार उघडं, प्रत्येक दाराबाहेर वापरलेल्या चादरींचं गाठोडं, आतून व्हॅक्यूमचा आवाज.

आमचा स्टुअर्ड त्या गाठोड्यांच्या मधून वाट काढत आला. एरवी हसून दोन वाक्यं बोलणारा मुलगा त्या सकाळी घामानं भिजला होता. त्याच्या वाट्याला पंधरा-वीस केबिन, आणि दुपारी दारं उघडायच्या आत सगळ्या नव्या दिसायला हव्यात. आमची केबिन तेवढी तीच राहणारी, म्हणून ताई म्हणाली, "आमचं आज राहू दे, उद्या कर." तो थांबला, खरंच थांबला, आणि त्यानं विचारलं, "नक्की?" मग त्यानं नुसते टॉवेल बदलले आणि तो पुढे गेला. त्याचा करार कित्येक महिन्यांचा, आणि अशी सकाळ दर आठवड्याला. मला काउंटरवरचा आमचा प्रश्न आठवला. तो विचारल्याचं वाईट वाटलं नाही. कंपनीशी भाव करावा आणि जरूर करावा. पण दोन सफरी जोडल्यानं कुणाचं काही वाचलं असेल, तर त्या मुलाची त्या दिवशीची दहा मिनिटं वाचली होती, आणि त्याची नोंद कुठल्याच बिलात होत नव्हती. दुसऱ्या आठवड्याची टिप आम्ही वेगळी काढून त्याच्या हातात दिली.

दुपारी पुन्हा मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची कवायत. केबिन तीच, लाइफ जॅकेट तेच, जमायची जागा तीच, तरी परत जायचं. हल्ली सूचना फोनवर पाहून नुसतं जागेवर हजेरी लावली तरी चालतं. लाउंजमधल्या काही जणांची कुरकुर चालली होती. मला ती पटत नाही. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीत जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल तोवर झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालत होती. आता ती जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताच घ्यावी लागते. दुसऱ्या आठवड्याचं जहाज तेच असलं तरी आजूबाजूला हजारो माणसं नवी असतात, आणि रात्री अंधारात त्यांना वाट माहीत असलेला एखादा माणूस शेजारी असणं काही वाईट नाही.

दुसऱ्या आठवड्यात सगळंच गोड असतं असंही नाही. रंगमंचावरचे कार्यक्रम तेच, जेवणाची यादी त्याच क्रमानं फिरून येते, आणि मंगळवारी संध्याकाळी कुठला विनोद येणार हे आधीच माहीत असतं. नव्या माणसांचा उत्साह पाहताना पहिले दोन दिवस मला थोडं बाहेरचं वाटलं. ताईला असलं काही वाटत नाही. तिनं तिची मागच्या डेकवरची खुर्ची धरली, विणकाम काढलं आणि जो शेजारी येऊन बसेल त्याला पाण्याची बाटली कुठे भरून मिळते ते सांगू लागली.

आता ती पुढच्या वर्षाचं बघते आहे. वसंत ऋतूत जहाजं कॅरिबियनहून युरोपकडे सरकतात, शरद ऋतूत परत येतात. त्या स्थलांतराच्या सफरींचं भाडं रात्रीमागे पाहिलं तर बरंच कमी असतं. समुद्रातले दिवस भरपूर, बंदरं थोडी आणि परतीचं विमान दुसऱ्या खंडातून. अशा सफरीला पलीकडची भूमध्य समुद्रातली आठवड्याची सफर जोडायची, त्याच जहाजावर, बार्सिलोनाला न उतरता. मला क्वीन मेरी 2 या जहाजावरून साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क आणि तसंच परत, असं करायचं होतं. पश्चिमेकडे जाताना तिथे रात्री घड्याळ मागे करतात, म्हणजे पंचवीस तासांचे दिवस मिळतात, आणि परतीच्या सफरीत तेच तास भरदुपारी एकेक करून काढून घेतात. दोन सफरी जोडायला याहून चांगलं कारण मला सुचत नाही. पण ताईला बंदरं हवीत, त्यामुळे ते पुढे कधीतरी.

काल तिनं दोन्ही भाव शेजारी लिहिले. जोडलेलं भाडं थोडं कमी निघालं. मी म्हटलं, "मग झालं तर, जोडूनच घेऊ." इतके दिवस मला तेच तर हवं होतं, कुणीतरी कागदावर ती एक सफर आहे असं म्हणावं. ताईनं चष्मा वर केला. "जोडून घेतलं तर एकच बुकिंग. उद्या माझा गुडघा परत धरला आणि एवढ्या दिवसांचं झेपणार नाही असं ठरलं, तर सगळंच रद्द करावं लागेल. दोन वेगळी असली तर एक सोडता येईल." एजंटनं दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून केबिन तीच ठेवायची, क्रेडिट दोन्हींवर वेगळं द्यायचं, आणि शेवटचे पैसे भरायच्या आधी भाव उतरला तर कळवायचं, हे तिनं फोनवर त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. शेवटच्या दोन तारखा तिनं डायरीत लाल पेननं लिहिल्या. दुसरी मला पाठवली आणि म्हणाली, ही तू लक्षात ठेव.